देवीचा शेला धरणारा

१९ जानेवारी १९९७

आज देवळात बोहाड्याची बैठक झाली आणि भर गावात माझं नाक कापलं गेलं. म्हणून ही डायरी उघडली. वाशिंदला कंपनीत सप्लायरने दिलेली, कपाटात नुसती पडून होती. कुणाशी बोलायची सोय नाही, इथे तरी ओकतो.

बोहाड्यात मुखवटे चढवून पुष्कळ सोंगं नाचतात, गणपतीपासून वेताळापर्यंत. पण लोक जागतात ते शेवटच्या सकाळच्या देवी-म्हसासुराच्या लढाईसाठी. देवीचं सोंग कुंडलिकचं. त्याच्या बापाचं होतं, आजाचं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हसासूर नाचणारा म्हातारा गेल्या साली वारला. तो मुखवटा आता मलाच मिळणार हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. आणि कुंडलिक उठला नि म्हणाला, "म्हसासूर शेखरला द्या. पोराच्या पायांत दम हाय." शेखर! काल मिसरूड फुटलेला, टमटम चालवणारा शेखर!

मुखवट्यांचा राखणदार जैतूबाबा, त्याने विचारलं, "मंग अनिलला काय?" तर कुंडलिक माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "अनिल माझा शेला धरंल, दरसालसारखा. तो पाठीशी नसंल तर मी नाचायचाच नाय."

सगळे खूश. मीही हसलो. देवीचा मुखवटा एवढा जड आणि त्याची भोकं एवढी बारीक, की आतल्या माणसाला समोरचा हातभर तुकडा सोडून काही दिसत नाही. मागून कमरेचा शेला धरणारा ओढेल तिकडे त्याने वळायचं. घाम दोघांचा, पाया पडतात त्याच्या. माझं तोंडही कुणाला आठवत नाही.

२ फेब्रुवारी

राग मुखवट्याचाच आहे का? आज शेतावरून येताना वाटलं, नुसता त्याचा नाही. लहानपणी मी भातसा नदीत बुडत होतो, तेव्हा कुंडलिकने केसाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून जो भेटेल तो म्हणतो, "कुंडलिक नसता तर तू कुठला रे?" तो स्वतः मात्र आजपर्यंत एका शब्दाने बोललेला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. हा भला माणूस म्हणजे डोक्याला ताप आहे.

आणि रखमी. भाकर वाढताना म्हणाली, "कुंडलिकभाऊजी त्यांच्या मैनेशी कसं गोड बोलतात. आमच्या नशिबी नाय तेवढं." म्हणजे आमच्या बायकोचं लक्ष असतं तिकडे. त्याचंही हिच्याकडे असेल. खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण धरून चालायला बरं पडतं.

२५ मार्च

होळी पेटली आणि कुंडलिक देवळात राहायला गेला. देवीचं सोंग घेणाऱ्याने शिमग्यापासून बोहाडा उठेपर्यंत बायकोजवळ जायचं नाही, मासळी-मटण नाही, झोपायचं देवळाच्या फरशीवर. मैना दुपारी भाकर पायरीवर ठेवते, लांबून चार शब्द बोलते आणि जाते. त्या चार शब्दांनीसुद्धा गडी दिवसभर उजळलेला असतो.

नवरा देवळात, बायको घरात. मधल्या वाटेवर सगळ्यात जास्त वावर कुणाचा? माझा. निरोप कोण नेतो? मी. आज हे एकदम लक्षात आलं आणि इतका आनंद झाला की रखमीने विचारलं, "काय ओ, पगार वाढला का?"

८ एप्रिल

रखमीच्या पोटात काही राहत नाही, देवाची कृपा. मैनेला दिवस गेलेत. शिमग्याच्या कितीतरी आधीचे. लग्नाला आठ वर्षं झाली. दोनदा राहिलं आणि दोन्ही खेपेला गावभर पेढे वाटल्यावर गेलं. म्हणून आता तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. बोहाडा उठून देवीचा मुखवटा गाभाऱ्यात गेला की मग त्याला सांगणार. रखमी आणि ती एका गावच्या, तिकडे मुरबाडात सिद्धगडाच्या पायथ्याच्या, म्हणून हिच्याजवळ बोलली.

"कुनाला बोलायचं नाय, माझी शप्पथ हाय," रखमी म्हणाली. "शुक्रवारी मी तिला शहापूरला बाईडॉक्टरकडं नेनार."

मी म्हटलं, शुक्रवारी माझी ताई यायची आहे, तू घरात पाहिजेस. शेखरची टमटम आहे ना, जाईल ती एकटी. ताई येणार नाही हे मला माहीत आहे.

११ एप्रिल

आज कारागिरी केली. देवळाच्या पायरीवर कुंडलिकच्या शेजारी बसलो होतो. समोरच्या रस्त्याने शेखरची टमटम गेली. मागे मैना, डोक्यावरून पदर, एकटीच.

मी म्हटलं, "अरे!" आणि गप्प बसलो.

"काय रे?"

"काय नाय."

"आता बोल्लास ना कायतरी?"

"उन्हाचं नीट दिसत नाय मला हल्ली. जाऊ दे. शेखर पोरगा बरा हाय तसा."

"तसा म्हंजे?"

"तसा म्हंजे बरा. तूच तर मुखवटा दिलास त्याला. तुझी पारख चुकायची नाय."

बस, एवढंच. आपण होऊन काही सांगायचं नाही. त्याने विचारायचं, आपण टाळायचं. पुन्हा विचारायचं, पुन्हा टाळायचं, आणि मधूनच दुसऱ्याची तारीफ करायची. सांगितलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेतो. लपवलेली गोष्ट तो स्वतःच खणून काढतो आणि मग ती त्याची होते.

संध्याकाळी ती परत येताना त्याने देवळाच्या अंगणातून हाक मारून तिला विचारलं, "कुठं गेलतीस?" मैना गडबडली. म्हणाली, "बाजारात. मिरच्या आणायला." हातात पिशवीसुद्धा नव्हती. अगो मैने, अर्धं काम तूच केलंस!

२० एप्रिल

आज सकाळी मुखवटे चढवून सराव झाला. आमच्याकडे नियम कडक. एकदा मुखवटा चढला की आतला माणूस देवी झाला. बोलायचं नाही, हूं की चूं करायचं नाही, मध्येच उतरवायचा नाही. उतरवला तर गावावर कोप होतो म्हणतात. जैतूबाबा काठी घेऊन उभाच असतो.

संबळ वाजत होता. मी शेला धरून मागे. एका बाजूला जांभळीखाली शेखर उभा, म्हसासुराचा मुखवटा अजून काखेतच. मैना त्याच्याजवळ गेली. कमरेचं पुडकं काढून त्याच्या हातात दिलं, इकडेतिकडे बघितलं, काहीतरी बोलली आणि हसली. मला माहीत होतं ते काय. त्याने शहापूरचं भाडं घेतलं नव्हतं, म्हणून तिने त्याच्यासाठी तांदळाचे लाडू केले होते. रखमीच सोबत वळायला गेली होती. लपूनछपून दिले, कारण कुणी विचारलं असतं की कशाबद्दल, तर काय सांगणार?

मी शेला डावीकडे ओढला. कुंडलिक वळला. तो हातभर तुकडा नेमका जांभळीवर आला. मी तिथेच घट्ट धरून ठेवला. त्याच्या पाठीचा कणा कसा ताठ झाला ते मला शेल्यातून कळलं. बोलता येत नाही, जाता येत नाही, मुखवटा काढता येत नाही. नाचावं लागतंय! अर्धा तास नाचला तो. घामाने भिजलेल्या त्याच्या पाठीशी तोंड नेऊन मी एकच वाक्य बोललो, "तिकडं बघू नको."

मुखवटा उतरवल्यावर त्याचा चेहरा बघितला. दहा वर्षांत पहिल्यांदा मला शेला धरण्यात मजा आली.

२९ एप्रिल

शेखरला म्हटलं, कुंडलिकने सांगितलंय, त्याच्या घराची कौलं पावसाआधी शाकारून दे. पोरगं बिचारं लगेच चढलं. मग देवळात जाऊन कुंडलिकला म्हटलं, "तुझ्या घरावर कोण चढलाय रे?" त्याने लांबून बघितलं. खाली मैना कौल हातात देत होती.

आता तो जेवत नाही. भाकर तशीच कुत्र्याला जाते. कुणाशी बोलत नाही, फक्त माझ्याशी. कंपनीतून आलो की मी तडक देवळात. तो माझा हात धरून बसतो आणि सारखं विचारतो, "खरं सांग, तुला काय ठाऊक हाय?" मी म्हणतो, "मला काय ठाऊक नाय, आनि असतं तरी तुझा संसार मोडायला मी सांगितलं नसतं." मग तो जास्तच घट्ट धरतो.

लहानपणी आम्ही असेच बसायचो, गुरं नदीवर सोडून. मध्ये कुणी नसायचं. मैना आली आणि ते गेलं. हे असंच आठवलं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

८ मे

कुंडलिक म्हणाला, "मला एकदा काय ते कळू दे. मंग मी मरायला मोकळा."

मी आढेवेढे घेतले आणि मग बोललो, "बोहाडा उठल्यावर मुखवटा गाभाऱ्यात न्यायच्या आधी तिला देवीवर हात ठेवून शपथ घ्यायला सांग. खरी असंल तर घेईल. एका शब्दात निकाल. तिची पन अब्रू राहील."

त्याने माझे पायच धरायचे बाकी ठेवले. आता गंमत अशी की गरवार बाईने देवीच्या मुखवट्याला शिवायचं नसतं. देवी पोटातलं घेऊन जाते. दोन पोरं गमावलेली मैना मेली तरी हात लावणार नाही. आणि ती का लावत नाही हे कुंडलिकला ठाऊक नाही. ते ठाऊक आहे तिला, रखमीला आणि मला.

रखमीला काय ते आजच समजावलं. उद्या-परवा काही झालं तर तोंड उघडायचं नाही. उघडलंस तर मुरबाडची गाडी पकडायची आणि परत या दारात यायचं नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. बायकांना सगळं उशिरा कळतं.

९ मे

काय सकाळ होती! देवी तलवार घेऊन फिरते, म्हसासूर रेड्यासारखा अंगावर येतो, तीनदा झुंजतात आणि तिसऱ्यांदा म्हसासूर पडतो. तलवार बोथट असते, नुसती टेकवायची. कुंडलिकने टेकवली नाही. पहिल्याच फेरीला शेखरच्या खांद्यावर हाणली. दुसऱ्या फेरीला हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला संबळाच्या वर ऐकू आला. शेखर मुखवट्याच्या आत ओरडलासुद्धा नाही, नियम पाळला पोराने.

लोकांना वाटलं देवी अंगात आली. बाया रडत लोळण घेत होत्या, नारळ फुटत होते. मी शेला ओढून त्याला आवरायला पाहिजे होतं. मी सैल सोडला.

१० मे

हे सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी देवळात आम्ही मोजकेच. जैतूबाबा, कुंडलिक, मी, चार जुनी माणसं, आणि मागे बाया. मुखवटा पाटावर होता. कुंडलिक मैनेला म्हणाला, "यावर हात ठेव आनि बोल, का माझ्याशिवाय तुला कुनी शिवलेला नाय."

मैनेला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा पांढराफटक पडला. दोन पावलं पुढे आली, हात उचलला आणि तसाच मागे घेतला. पोटाशी धरला.

"मी नाय शिवनार."

"का?"

"आज नाय. तुमी घरी चला, मंग सांगते. तुमच्या पाया पडते, घरी चला."

"इथं सांग!"

आणि मग ती बोलली. एवढ्या पुरुषांसमोर, मान खाली घालून. "मला दिवस गेलेत ओ."

कुंडलिकचा चेहरा एक क्षण फुलला. आठ वर्षं वाट बघितलेला माणूस तो. मी पाठीमागेच होतो. त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, "तू शिमग्यापासून देवळात झोपतोस, भावा."

फुललेलं सगळं विझलं. माझ्या डोळ्यांदेखत.

"शिमग्याच्या आधीचं हाय!" मैना ओरडली. "तुमची शप्पथ! रखमे, सांग ना गो! तुला म्या सांगितलं ना? सांग ना त्यांना!"

सगळे रखमीकडे बघायला लागले. रखमीने माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही, नुसता बघत उभा राहिलो.

"मला काय ठाऊक नाय," रखमी म्हणाली.

मैना मग ओरडली नाही. कुंडलिकने तिला देवळाबाहेर ढकललं, पायरीवरून ती बसतीच घसरली. उठली, पदर सारखा केला आणि मुरबाडच्या वाटेला लागली. डोक्यावर ऊन रणरणत होतं. कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी विचारणार होतो, पण बरं दिसलं नसतं.

१४ मे

मैना गेली. परवा रक्त जायला लागलं. पायथ्याच्या गावात गाडी लवकर मिळाली नाही, जीपमध्ये घालून मुरबाडला नेताना वाटेतच. तिचा भाऊ कालच आला होता सांगायला. कुंडलिकच्या अंगणात उभा राहून एवढंच बोलला, "चौथा महिना होता, सुईन बोलली. मुलगा होता. तुमी शिमगा मोजता ना, मोजा आता."

रखमी तेव्हापासून जेवलेली नाही. मला नाटकं आवडत नाहीत.

मरावं असं मी कुठे म्हटलं होतं? तिने माहेरी राहावं, याने इथे राहावं, एवढंच माझ्या मनात होतं. पायरीवरून मी ढकललं नाही. तलवार मी मारली नाही. मी काय केलं? चार वाक्यं बोललो असेन, तीही त्याने विचारली म्हणून.

२६ मे

आज कुंडलिक घरी आला. तो येणार हे मला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाकडे जाणार? उंबऱ्यातच बसला. दाढी वाढलेली, अंगाला वास येत होता. "माझंच होतं रे अनिल. माझं पोर होतं. मी तिला घरी नेऊन विचारलं पन नाय." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला.

मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो. बरं वाटलं. खोटं का लिहू? आता याला माझ्याशिवाय कुणी नाही, मीच दोन घास भरवीन, मीच सांभाळीन, असं सगळं मनात येत होतं.

तेवढ्यात त्याने मान वर केली. "तुला ठाऊक होतं का रे? पोटाचं?"

"नाय रे. मला कुठलं?"

"ठाऊक होतं."

चुलीपाशी रखमी उभी होती. माझ्याकडे बघतही नव्हती. "मीच सांगितलं होतं त्यांना. शिमग्याच्या आधीचं हाय, तेपन सांगितलं होतं. ती शहापूरला डॉक्टरकडं गेली तेपन ठाऊक होतं. मला त्यांनीच अडवलं. लाडू का दिले ते ठाऊक होतं. मुखवट्याला का शिवनार नाय ते ठाऊक होतं. देवळात मी खोटं बोल्ले भाऊजी. मला घराबाहेर काढतील म्हनून बोल्ले. मला मारा, कापा, काय करायचं ते करा."

मी रखमीला एक ठेवून दिली. ती हललीही नाही.

मी म्हटलं, "कुंडलिक, ही दुःखानं येडी झालीय." तो माझ्याकडे बघत होता. खूप वेळ. मला वाटलं आता नरडं धरणार. खरंच सांगतो, मी मान जरा पुढे केली होती. तो उठला, चपला शोधल्या आणि गेला.

रखमीही संध्याकाळी बोचकं बांधून माहेरी गेली. येईल, भातलावणीला येतेच.

१९ जून

रखमी आलेली नाही. गावात कुणी मला काही म्हणत नाही. पाणवठ्यावर गेलो की बोलणी थांबतात, एवढंच. जैतूबाबाने सांगितलं की पुढच्या साली बोहाडा नाही, देवी उचलायला कुंडलिक तयार नाही.

मी रोज देवळाकडून फिरून येतो. तो तिथे नसतो. घराला कुलूप. तो कधीतरी येणार, शिव्या घालणार, कॉलर धरणार, त्याची मी तयारी करून ठेवली होती. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. सगळं कबूल करायचं, त्याने मारायचं, मग दोघांनी रडायचं. भाऊ-भाऊ भांडतात आणि एक होतात, जगात किती उदाहरणं आहेत.

आज कंपनीतून आलो तर आसनगाव स्टेशनबाहेर एसटीच्या थांब्यावर कुंडलिक दिसला. सोबत शेखर, हात प्लॅस्टरमध्ये. कल्याणला दवाखान्यात नेऊन आणलं असावं. शेखरची पिशवी कुंडलिकच्या खांद्यावर होती. गाडी लागली, गर्दी झाली, आणि मी मुद्दामच दारापाशी जाऊन उभा राहिलो. तो समोर आला. हातभर अंतर. मला वाटलं, आता.

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाकडे बघावं तसं, शांतपणे. आणि म्हणाला, "ओ भाऊ, जरा बाजूला होता का? या पोराचा हात दुखतोय."

मी बाजूला झालो. त्याने शेखरला सांभाळून वर चढवलं, स्वतः चढला, आणि गाडी गेली. मी त्याच गाडीने जायचा होतो. राहिलो.

'ओ भाऊ' म्हणाला मला. 'होता का' म्हणाला. एका ताटात जेवलोय आम्ही, एका घोंगडीत झोपलोय. थोबाडीत मारली असती, लोकांसमोर थुंकला असता तर मी तिथेच त्याचे पाय धरले असते. एवढंही त्याला करवलं नाही. पायी घरी येईपर्यंत मला रडू आवरेना. एवढा कसा निर्दय होऊ शकतो माणूस? मी त्याचं असं काय वाईट केलं होतं?